गोपनीय अहवालाचा नवा अवतार

सरकारी कचेरीत किंवा अनुदानित शाळेत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना गोपनीय अहवालाचा दरारा नव्याने सांगावयास नको. वर्षाअखेरीस वरिष्ठ अधिकारी एक नमुना भरून पाठवी. त्यात कनिष्ठाच्या वक्तशीरपणाला, सचोटीला, हाताखालच्या लोकांकडून काम करून घेण्याच्या कुवतीला एकेक विशेषण चिकटविलेले असे; आणि ज्याच्याविषयी ती विशेषणे लिहिली जात, त्यालाच ती वाचावयास मिळत नसत. प्रतिकूल शेरा कळविण्याची पद्धत होती खरी. पण 'चांगला' हा शेरा कोणास प्रतिकूल वाटेल? सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यातील देव दत्त या अभियंत्यांना मात्र त्याचा प्रत्यय आला. बढतीसाठी सलग पाच वर्षे 'खूप चांगला' असा शेरा आवश्यक होता आणि १९९३-९४ या एका वर्षी त्यांच्या नावापुढे नुसते 'चांगला' असे लिहिलेले होते. ते त्यांना कोणी कळविले नव्हते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २००८ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला, की शेरा बरा असो वा वाईट, तो संबंधित कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. कारण जो शेरा ठाऊकच नाही, त्याविरुद्ध दाद कशी मागणार? पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या मतावर शिक्कामोर्तब केले.

सरकारी नोकरीतील हे बंद दार अशा रीतीने उघडले गेले. खासगी नोकरीत मात्र तसलेच एक दार नव्याने लागत आहे आणि त्याच्या आत या खेपेस साहेब बसलेला नाही, संख्याशास्त्रज्ञ बसलेला आहे. मोठमोठ्या कंपन्यांत अलीकडे 'वर्कफोर्स अ‍ॅनालिटिक्स' या नावाचे खाते असते आणि त्या खात्याचा कणा म्हणजे 'सीनियर डेटा सायंटिस्ट' हे बिरुद लावणारा मनुष्य. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे हे काम पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथे बसून करणाऱ्यांत संख्याशास्त्राचे वा अभियांत्रिकीचे मराठी पदवीधरही आहेत. पगार भरघोस, पद मानाचे. तेव्हा महाविद्यालयांतील हुशार मुलांचे डोळे तिकडे लागले तर त्यात नवल नाही. या कामाचे स्वरूप काय आणि त्याची जबाबदारी कोणती, याची चर्चा मात्र आपल्याकडे जवळजवळ झालेली नाही.

कामाचा विषय म्हणजे कंपनीत नोकरी करणारी माणसे. कोण केव्हा लागला, पगार किती, शेवटची बढती कधी मिळाली, किती साहेब बदलले, रजा कोणत्या महिन्यात किती घेतल्या, घरापासून कचेरी किती लांब, वार्षिक पाहणीत त्याने समाधानाच्या रकान्यात काय लिहिले, ही सर्व माहिती संगणकात साठलेली असते. काही ठिकाणी दारावरील ओळखपत्राची नोंद, टपालाची वर्दळ आणि बैठकांचे तासही त्यात मिळवले जातात. या ढिगातून उत्तरे काढावयाची असतात ती अशी: पुढील वर्षी कितीजण सोडून जातील, कोणत्या खात्यातून जातील, किती नव्यांची भरती करावी लागेल आणि, येथेच खरी गोम आहे, जाणार ते नेमके कोण.

बाहेरून पाहणाऱ्यास हे काम मोठ्या जादूचे वाटते. प्रत्यक्षात त्यातील बराचसा वेळ कारकुनी कष्टात जातो आणि कारकुनांनी याचा किंचित अभिमान बाळगण्यास हरकत नाही. एकच मनुष्य दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी नोंदलेला असतो. नोकरी सोडून पुन्हा रुजू झालेल्यास दोन क्रमांक मिळालेले असतात. कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतली, की तिकडच्या साऱ्या लोकांची रुजू होण्याची तारीख एकच होऊन बसते आणि वीस वर्षांचा अनुभवी मनुष्य कागदोपत्री नवशिका ठरतो. त्याहून कठीण प्रश्न व्याख्येचा. 'सोडून गेला' म्हणजे काय? निवृत्त झालेला, मरण पावलेला, काढून टाकलेला आणि कंटाळून राजीनामा दिलेला हे चौघेही पगारपत्रकातून नाहीसे होतात. पण ते एका कारणाने नाहीसे होत नाहीत. शिवाय ज्याला 'राजीनामा दे, नाही तर काढून टाकू' असे सांगितले गेले, त्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे? हा निर्णय यंत्र घेत नाही. तो माणूसच घेतो, एखाद्या दुपारी, चहा पिता पिता. आणि नंतरचे सगळे गणित त्या निर्णयावर उभे राहते.

गणिताचे कूळ मात्र जुने आणि खानदानी आहे. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले त्या एडमंड हॅले यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक तयार केले. अमुक वयाचा मनुष्य आणखी किती वर्षे जगेल याचा अंदाज त्यावरून बांधता येऊ लागला. विम्याचा धंदा अशाच कोष्टकांवर वाढला. पुढे १९७२ साली डेव्हिड कॉक्स या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने या विचाराला जे रूप दिले, ते आज रुग्णालयांत आणि औषधांच्या चाचण्यांत सर्रास वापरले जाते. मनुष्यबळाचा अभ्यासक हेच सूत्र उचलतो आणि मरणाच्या जागी राजीनामा ठेवतो. यात काही अशास्त्रीय नाही. फरक इतकाच, की विमा कंपनीचे कोष्टक एकट्यादुकट्याच्या मरणाची तारीख सांगण्याचा दावा करीत नाही. दहा हजार माणसांचा सरासरी हिशेब ती करते. कचेरीतील साहेबाला मात्र सरासरीत रस नसतो. त्याला नावे हवी असतात.

नावे मिळतातही. आयबीएमच्या तत्कालीन प्रमुख जिनी रोमेटी यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की नोकरी सोडण्याच्या बेतात असलेले कर्मचारी आपली यंत्रणा ९५ टक्के अचूकतेने ओळखते. ऐकणारा थक्क होतो. पण ज्या कचेरीत शंभरांतील पाचच माणसे वर्षाकाठी सोडून जातात, तेथे 'कोणीही जाणार नाही' असे डोळे मिटून सांगणारा ज्योतिषीही ९५ टक्के अचूक ठरतो. तेव्हा अचूकता कशाची, हे विचारल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीत दहा हजार माणसे आहेत आणि त्यांपैकी एक हजार वर्षभरात जाणार आहेत. यंत्रणा इतकी चांगली आहे, की जाणाऱ्यांतील ८० टक्के ती हेरते आणि न जाणाऱ्यांपैकी केवळ १० टक्क्यांवर खोटा संशय घेते. म्हणजे ८०० खरे सापडले. आणि नऊ हजारांपैकी ९०० निष्कारण यादीत आले. सतराशे नावांच्या या यादीत निम्म्याहून अधिक नावे अशा लोकांची आहेत, की ज्यांच्या मनात जाण्याचा विचारही नव्हता. शाळेतील शिक्षकाने हे गणित फळ्यावर मांडले, तर नववीच्या मुलाला ते कळेल. ते संचालक मंडळाच्या बैठकीत क्वचितच मांडले जाते.

या विद्येचे शिक्षण कसे मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. होतकरू विद्यार्थी ज्या आकडेवारीवर हात साफ करतात, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध संच आयबीएमच्याच तज्ज्ञांनी तयार केलेला आहे. त्यात १४७० कर्मचारी आहेत आणि त्यांतील २३७ नोकरी सोडून गेले आहेत. जादा तास काम करणाऱ्या ४१६ जणांपैकी १२७ गेले. न करणाऱ्या १०५४ पैकी ११० गेले. जादा कामाने माणसे वैतागतात, हा निष्कर्ष विद्यार्थी मोठ्या आनंदाने काढतो. आता गंमत अशी, की या १४७० जणांपैकी एकही कधी जन्मास आलेला नाही. तो संपूर्ण संच काल्पनिक आहे, आणि तसे त्याच्या कर्त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलेलेही आहे. सरावासाठी त्यात वावगे काही नाही. पण ज्याने राजीनाम्याची पहिली ओळख अजन्मा माणसांकडून करून घेतली, त्याने खऱ्या माणसांच्या याद्या करण्यापूर्वी एकदा तरी राजीनामा देणाऱ्याच्या समोर बसून त्याचे म्हणणे ऐकावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

यादीत नाव आल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. उलट एखाद्या गुणी माणसाला वेळेवर पगारवाढ मिळते. परंतु त्याच यादीचा दुसराही उपयोग आहे. जो जाणारच, त्याच्या प्रशिक्षणावर पैसा का खर्च करावा? महत्त्वाचे काम त्याच्या हाती का द्यावे? परदेशच्या प्रकल्पावर दुसऱ्याला पाठवू. असे दोनतीनदा झाले, की त्या माणसाला आपण नकोसे झाल्याची जाणीव होते. कारण कळत नाही, विचारावयाचे कोणाला हेही कळत नाही. वर्षभरात तो खरोखरच निघून जातो आणि यंत्रणेच्या खात्यावर आणखी एक अचूक भाकीत जमा होते. जुन्या गोपनीय अहवालातला 'चांगला' हा शेरा आणि आजच्या संगणकातला ०.७३ हा आकडा यांत परिणामाच्या दृष्टीने अंतर ते काय राहिले?

आकडा निष्पक्ष असतो, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. घर आणि कचेरी यांतील अंतर हाच घटक पाहा. लांबून येणारा मनुष्य लवकर नोकरी सोडतो, हे निरीक्षण खरे असण्याचा संभव मोठा आहे. पण लांब राहतो कोण? मुंबईत बदलापूरहून किंवा विरारहून लोकलला लोंबकळत येणारा मनुष्य हौसेने तेथे राहावयास गेलेला नाही. दादरला घर परवडत नाही म्हणून गेला. त्याच्या अंतराला उणे गुण देणे म्हणजे त्याच्या गरिबीला उणे गुण देणे होय. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीला असाच अनुभव आला. लांबून येणारे टिकत नाहीत असे तिला आढळले. पण लांबून येणारे बरेचसे गरीब वस्त्यांतले आहेत हे ध्यानात येताच तो घटक हिशेबातून वगळण्यात आला. कॅथी ओनील या गणितज्ञ बाईंनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही हकीकत आहे. अ‍ॅमेझॉनची कथा याच्या उलट. २०१४ पासून त्या कंपनीत अर्जांना गुण देणारी एक यंत्रणा तयार होत होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकवणीसाठी दिले गेले; ते बहुतेक पुरुषांचे होते. तेव्हा यंत्रणेने त्यातून धडा असा घेतला, की अर्जात 'महिला' असा शब्द आला, महिला बुद्धिबळ मंडळाची कर्णधार वगैरे, की गुण कमी करावयाचे. दुरुस्त्या करून पाहिल्या, भरवसा वाटेना, अखेर प्रकल्प गुंडाळला गेला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने ते उजेडात आणले. यंत्राला स्त्रियांविषयी आकस नव्हता. त्याने आपल्या मालकांची दहा वर्षांची वागणूक मन लावून पाठ केली होती, इतकेच.

मजुराचे मोजमाप आजचे नाही. फ्रेडरिक टेलरचे थांबघड्याळ मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या शस्त्रागारात पोचले, तेव्हा १९११ च्या ऑगस्टात तेथील ओतारी काम सोडून बाहेर पडले. चौकशी झाली आणि १९१५ पासून अमेरिकन काँग्रेसने सरकारी शस्त्रागारांत अशा घड्याळासाठी पैसा खर्च करण्यासच मनाई केली. मुंबईच्या गिरणगावालाही हा इतिहास अपरिचित नाही. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताईवाल्याने एकीऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असा सुधारणेचा आग्रह मालकांनी धरला आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप उभा राहिला. त्या संपाच्या यशापयशाबद्दल मतभेद असतील. पण दोन आणि तीन यांतील फरक गिरणी कामगाराला डोळ्यांनी दिसत होता. तो बोटांवर मोजून, सभेत उभा राहून सांगू शकत होता. आजच्या कर्मचाऱ्याला आपल्यावर कोणता आकडा लावला गेला हेच ठाऊक नसते. मग त्याविरुद्ध तो भांडणार तरी कसा?

इतके सांगितल्यानंतर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. जुना साहेब काही न्यायमूर्ती रानडे नव्हता. त्याच्या शेऱ्यात जात होती, गाव होते, घरी भाजी आणून देणाऱ्याविषयीची माया होती. त्या मानाने आकडेवारी ही पुष्कळ बरी साक्षीदार आहे. समान कामाला स्त्रियांना पगार कमी मिळतो का, एकाच साहेबाच्या हाताखालून माणसे भराभर का जातात, हे ती निर्भीडपणे सांगू शकते. गूगलमध्ये २००८ च्या सुमारास 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या नावाने झालेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. अभियंत्यांच्या त्या कंपनीत व्यवस्थापकांची गरजच काय, असा पुष्कळांचा सूर होता. आकडेवारीने दाखवून दिले, की गरज आहे. चांगल्या व्यवस्थापकाच्या हाताखालची माणसे अधिक समाधानी असतात आणि टिकतात. मग चांगल्या व्यवस्थापकाची आठ लक्षणे काढली गेली आणि प्रशिक्षण दिले गेले साहेबांना. प्रश्न व्यवस्थेला विचारला होता, म्हणून उत्तरही व्यवस्थेलाच सुधारावे लागले. तोच प्रश्न 'कोणता अभियंता पळून जाणार' असा विचारला असता, तर त्याच आकडेवारीतून पाळतीची यादी निघाली असती.

'सीनियर' या बिरुदाला काही अर्थ असेल, तर तो येथे आहे. सूत्रे धाकट्यांनाही येतात, आणि पुष्कळशी आता यंत्रच लिहून देते. प्रश्न कोणता घ्यावयाचा, कोणता परत करावयाचा, 'खात्यागणिक आकडे देतो, नावे देत नाही' असे मोठ्या साहेबाला केव्हा सांगावयाचे, हे ठरविण्याची जबाबदारी ज्येष्ठाची. तसे सांगणे सोपे नाही. त्याचेही घरभाड्याचे हप्ते असतात आणि त्याचे स्वतःचे नावही कुठल्यातरी यादीत असतेच. पण ते अशक्य नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये कचेऱ्यांसाठी उत्पादकतेचे गुणपत्रक देणारी सोय बाजारात आणली, तीत कोणी किती टपाल धाडले, किती बैठकांत भाग घेतला हे नावानिशी पाहता येत होते. नोव्हेंबर महिन्यात टीकेची झोड उठली आणि १ डिसेंबरला कंपनीने नावे काढून टाकल्याचे जाहीर केले. नावे काढली म्हणून कोणत्याही कचेरीचे काम अडल्याचे ऐकिवात नाही.

तथापि एखाद्याच्या सद्सद्विवेकावर लाखो लोकांची नोकरी टांगून ठेवता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो. युरोपात २०१८ पासून अंमलात असलेल्या नियमांनुसार केवळ यंत्राच्या निर्णयाने माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम होत असेल, तर त्याला हरकत घेता येते. भरती, बढती आणि बडतर्फी यांसाठी वापरली जाणारी यंत्रणा २०२४ च्या कायद्याने तेथे अतिजोखमीची ठरविली आहे, आणि कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून मनःस्थिती ओळखण्याचा उद्योग फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध झाला आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ज्या टॅक्सी कंपन्यांना आपल्या चालकांविषयीचे गुणांक उघड करण्यास सांगितले, त्यांत ओला ही आपल्याच देशातील कंपनी होती. तेथील चालकाला फसवणुकीच्या संशयाचा आपला गुणांक पाहण्याचा हक्क मिळाला. तसाच हक्क अंधेरीच्या चालकाने मागितला, तर त्याने अर्ज कोणत्या कलमाखाली करावा?

भारताने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास त्याच्या संमतीची आवश्यकता ठेवलेली नाही. हे एक वेळ समजण्याजोगे आहे. पगारपत्रक तयार करण्यासाठी प्रत्येकाची सही कोण घेत बसणार? परंतु अकराव्या कलमात, आपल्याविषयी कोणती माहिती कशी वापरली जाते हे विचारण्याचा जो हक्क दिला आहे, तो ज्यांनी संमती दिली त्यांच्यापुरताच आहे. दोन्ही कलमे जोडून वाचली, की फट दिसते. ज्याची संमती घेण्याचे कारणच उरले नाही, त्याला विचारण्याचा हक्कही उरला नाही. दुकानदाराकडे गिऱ्हाईक जे मागू शकेल, ते मालकाकडे नोकर मागू शकणार नाही. कर्नाटकाने २०२५ साली फिरत्या कामगारांसाठी केलेल्या कायद्यात यंत्राच्या निर्णयांविषयी माहिती देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. महिन्याच्या पगारावरील माणसासाठी तेवढेही झालेले नाही.

हा केवळ हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतला प्रश्न आहे असे मानून शिक्षकांनी आणि कारकुनांनी स्वस्थ बसावे, अशीही स्थिती नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले फोन परत केले, त्यामागे नोंदींच्या इंग्रजी अ‍ॅपचा जाच हे एक मोठे कारण होते. घड्याळातून आणि फोनमधून जी माहिती वर जाते, तिचा उपयोग आज हजेरीपुरता असेल. उद्या तिच्यावर गुणांक बसविण्यास दोन हुशार मुले आणि एक महिना पुरेसा आहे. देव दत्त यांच्या खटल्यातील तत्त्व सरकारी नोकराला तेव्हाही उपयोगी पडेल, कारण शेरा हा शेराच आहे, मग तो अक्षरांत असो वा अंकांत. खासगी नोकराला ते लागू व्हावयाचे, तर अकराव्या कलमात संमतीच्या जोडीला नोकरीचाही उल्लेख घालावा लागेल. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नागरिकांचे हक्क सांगणाऱ्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करावयाचे ठरले. दुरुस्ती एका वाक्याची आहे. ती मागण्याचे काम कर्मचारी संघटनांचे आहे, आणि अद्याप एकाही मोठ्या संघटनेच्या मागणीपत्रकात तिला ठळक स्थान मिळालेले दिसत नाही.